शस्त्रक्रियेनंतरची ओकारी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी मजुरी, बोनस किंवा संप यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळवला तो वाचून चिटणीसांनी दोनदा फोन केला. पहिल्या वेळी त्यांना वाटले की ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या वेळी ते हळूच म्हणाले, "अण्णा, लोक जेवून येतात हो." त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. परंतु ज्या गोष्टीविषयी चारचौघांत बोलणे बरे दिसत नाही, तिचा जाच गरिबाला मुकाट्याने सोसावा लागतो, हे मी तीस वर्षे युनियनच्या कामात पाहत आलो आहे. म्हणून विषय बदलला नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते औद्योगिक न्यायालयाचे निवाडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता. त्याच शब्दकोशाच्या बळावर हा विषय वाचला आणि माझे टिपण दोन भूलतज्ज्ञांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले. तेव्हा येथे मी औषध सांगण्यास उभा नाही. औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि ते मिळावे म्हणून काय विचारावे, इतकेच मला सांगावयाचे आहे.

आमच्या युनियनच्या सभासद बहुतेक विड्या वळणाऱ्या बायका. त्यांत एक अक्का आहेत. नाव घेत नाही. त्यांची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया चांगली झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण भूल उतरल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या ओकत होत्या. पोटात काही नाही, नुसते हिरवे पाणी. आणि प्रत्येक उमाळ्याबरोबर ताज्या टाक्यांवर ताण. लेक रात्रभर भांडे धरून बसली होती. तिने परिचारिकेला विचारले, तेव्हा "भुलीने होतेच" असे उत्तर मिळाले. पुढे काही वर्षांनी अक्कांच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. अक्का दोन वर्षे टाळत राहिल्या. पोटात कळ उठली की गरम पाण्याची पिशवी घेऊन सुपाशी बसत आणि विड्या वळत. मी एकदा रागावलो, तेव्हा म्हणाल्या, "अण्णा, कापलेलं सोसंन मी. पर ती ओकारी नको."

हे मला बाईमाणसाचे भय वाटले. मनातल्या मनात मी हसलोही असेन. त्याची लाज पुढे वाचन करताना वाटली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे 1999 साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. 101 रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी विचारले की, भुलीनंतर होणारे हे दहा त्रास. समजा तुमच्यापाशी शंभर डॉलर आहेत, तर कोणता त्रास टाळण्यासाठी किती खर्च कराल? रुग्णांनी सर्वांत अधिक रक्कम ओकारी टाळण्यावर लावली. जखमेचे दुखणे तिच्या खाली राहिले. अक्कांचे म्हणणे आणि स्टॅनफर्डच्या त्या रुग्णांचे म्हणणे एकच होते. फरक इतकाच की तेथे कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन विचारले होते.

आता हे होते कशाने? भुलीचा पहिला जाहीर प्रयोग 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये ईथरवर झाला, आणि तेव्हापासून ओकारी भुलीच्या पाठीशी लागलेली आहे. ईथरच्या दिवसांत तर निम्म्याहून अधिक रुग्ण ओकत. भुलीची द्रव्ये सुधारली, तशी ती उतरली. परंतु काहीच औषध दिले नाही तर आजही साधारणपणे दहांपैकी तिघांना ती होते, आणि ज्यांची प्रकृतीच तशी आहे अशांत दहांपैकी सात-आठ जणांना.

मेंदूच्या तळाशी, मानेकडे उतरणाऱ्या भागात, ओकारी घडवून आणणारे एक केंद्र आहे. त्याला मी कारखान्याचा भोंगा म्हणतो. भोंगा एक, पण तो वाजवणाऱ्या दोऱ्या अनेक. एक दोरी पोटाकडून येते. आतड्याच्या अस्तरात सिरोटोनिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. शरीरातील या द्रव्याचा फार मोठा वाटा तेथेच आहे. आतड्याला त्रास झाला की ते सुटते आणि तेथील मज्जातंतू वर वर्दी देतो. दुसरी दोरी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची; घाटात एस.टी. वळणे घेऊ लागली की जी ओढली जाते ती हीच. तिसरी, मेंदूच्याच तळाशी असलेल्या एका चौकीची. इतरत्र मेंदूभोवती रक्तातील विष अडवणारा जो पडदा असतो, तो या चौकीपाशी सैल आहे. मुद्दामच, कारण रक्तात काही विपरीत आले तर ते चाखून पाहणे हेच तिचे काम. नाकावाटे दिलेली भूल आणि अफूच्या वर्गातील वेदनाशामके ही तेथे लागलीच ओळखली जातात. शिवाय भीती, वास, आठवण यांचीही एक दोरी वरून येते.

हे ध्यानात घेतले म्हणजे औषधांची गर्दी समजते. एकेक औषध एकेक दोरी कापते. ऑनडान्सेट्रॉन हे सिरोटोनिनची वर्दी अडवते. ते कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या ओकारीसाठी निघाले. अमेरिकेत 1991 साली त्याला परवानगी मिळाली. ड्रोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाइड ही डोपामीन नावाच्या दुसऱ्या द्रव्याची दोरी अडवतात. पैकी ड्रोपेरिडॉलवर 2001 साली अमेरिकेच्या औषध खात्याने हृदयाच्या ठोक्यांसंबंधी कडक इशारा छापावयास लावला, आणि मेटोक्लोप्रमाइड नेहमीच्या मात्रेत या कामी तसे दुबळेच. प्रवासात लागणाऱ्या ओकारीवरच्या जुन्या गोळ्या कानाच्या दोरीवर काम करतात. अॅप्रेपिटंट हे त्यामानाने नवे आणि महाग. आणि डेक्सामेथासोन! हे 1950 नंतरच्या दशकातले जुने स्टेरॉइड. ते नेमकी कोणती दोरी कापते हे कोणालाच पुरते उमगलेले नाही. पण कापते खरे. आमच्यातही असे एखादे कार्यकर्ते असतात, काय करतात ते कळत नाही, पण ते असले की सभा भरते.

वेळेलाही महत्त्व आहे. डेक्सामेथासोन सावकाश चढते, म्हणून ते भूल देतानाच देतात. ऑनडान्सेट्रॉन शस्त्रक्रिया संपत आली की. ओकारी सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी देणे बरे. उणीवही सांगतो. ऑनडान्सेट्रॉनने काहींचे डोके दुखते, शौचास साफ होत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा काही विशिष्ट दोष असेल तर ते जपून द्यावे लागते. डेक्सामेथासोनने साखर चढते, म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना तो सांगितलाच पाहिजे. मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, एक जागा आहे; ती दाबल्याने किंवा टोचल्यानेही ओकारी कमी होते असे चिनी वैद्यक सांगते. बेलफास्टच्या डन्डी यांनी 1986 साली त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढच्या तपासण्यांतही ते बऱ्यापैकी टिकले. मला त्याचे नवल वाटले, म्हणून सांगितले.

पण कोणाला द्यावे? सर्वांना सर्व औषधे देणे हा उधळेपणा झाला. जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथील डॉ. आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली फिनलंड आणि जर्मनी येथील रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि सगळा पसारा चार प्रश्नांवर आणला. रुग्ण स्त्री आहे काय? तिला पूर्वी भुलीनंतर ओकारी झाली आहे काय, किंवा गाडी लागते काय? ती धूम्रपान न करणारी आहे काय? शस्त्रक्रियेनंतर अफूच्या वर्गातील वेदनाशामक द्यावे लागणार आहे काय? चारांपैकी एकही 'होय' नसेल तर धोका शंभरात दहा. एक असेल तर वीस, दोन असतील तर चाळीस, तीन असतील तर साठ, चारही असतील तर ऐंशी.

तिसरा प्रश्न ऐकून आपण हसलात, ते बरे झाले. धूम्रपान करणाऱ्यांना ही ओकारी कमी होते, ही गोष्ट खरी आहे. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी विडी पेटवू नये. तिचे इतर पराक्रम आम्हा विडी कामगारांइतके कोणाला ठाऊक असणार? पण जरा विचार करा. आमच्या सभासद स्त्रिया आहेत. दिवसभर विड्या वळतात आणि स्वतः एकही ओढत नाहीत. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढण्यापूर्वीच त्यांचे दोन गुण भरलेले. तिला गाडी लागत असेल तर तीन. मोठी शस्त्रक्रिया असेल तर चार. एवढे काढावयास रक्त तपासावे लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्धा मिनिट विचारावे लागते.

2004 साली याच आप्फेल यांनी आणि युरोपातील अनेक रुग्णालयांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी 5,199 रुग्णांवरील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्व रुग्ण अधिक धोक्याचे. ऑनडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ड्रोपेरिडॉल ही तीन औषधे आणि भूल देण्याच्या पद्धतीतील फेरफार यांची निरनिराळी जुळणी करून पाहिली. निष्कर्ष असा की तिन्ही औषधे सारख्याच ताकदीची. प्रत्येक औषध उरलेला धोका सुमारे चौथ्या हिश्शाने उतरवते, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या आड येत नाही. एकही औषध न मिळालेल्यांत शंभरात 52 जणांना त्रास झाला. एक मिळालेल्यांत 37, दोन मिळालेल्यांत 28, तीन मिळालेल्यांत 22. नाकावाटे भूल देण्याऐवजी शिरेतून प्रोपोफॉल दिले तरी धोका जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. म्हणून 2020 साली तज्ज्ञांनी एकत्र बसून जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली त्यांत, प्रौढ रुग्णाचे एक-दोन गुण असतील तर दोन उपाय आणि त्याहून अधिक असतील तर तीन-चार उपाय योजावेत, असे सांगितले आहे.

आता या आकड्यांवर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मी तो विचारला, आणि त्यातून जी हकीगत हाती आली ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी आमच्या घरची गोष्ट. विडीच्या धंद्यात, वळून आणलेल्या विड्यांतून चेकर वाईट विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. एका ठेकेदाराकडच्या चाळीस बायकांची पासबुके मी एका रात्री कचेरीत पसरून बसलो होतो. पाहतो तो काय, प्रत्येकीची छाट हजारी चाळीस. या आठवड्यात चाळीस, पुढच्या आठवड्यात चाळीस. पंचवीस वर्षे हात बसलेल्या म्हातारीची चाळीस, आणि परवा शिकलेल्या पोरीचीही चाळीस. पावसाळ्यात पान ओलसर असते, उन्हाळ्यात ते तडकते. छाट तेव्हाही चाळीसच. अहो, देवाच्या कारखान्यात इतका सारखेपणा नसतो! कोणी विड्या मोजतच नव्हते. घरी बसून आकडा भरीत होते.

आता जपानकडे चला. योशिताका फुजी नावाचे एक भूलतज्ज्ञ. ऑनडान्सेट्रॉनच्या जातीचे ग्रॅनिसेट्रॉन म्हणून एक औषध आहे. त्यावर आणि ओकारीच्या इतर औषधांवर त्यांनी निबंधांमागून निबंध प्रसिद्ध केले. जगातील पुस्तकांत त्यांचे आकडे उतरले. 2000 साली वुर्त्सबुर्गच्याच तिघांनी, क्रांके, आप्फेल आणि रोएवर यांनी, एका वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिले की फुजी यांचे आकडे विश्वास बसू नये इतके गोंडस आहेत. त्यांना शंका कशाने आली, ठाऊक आहे? औषध दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत डोके दुखणाऱ्यांची संख्या निबंधामागून निबंधात सारखीच भरत होती. हजारी चाळीस!

पुढे काय झाले? काही नाही. पत्र छापले, फुजी यांचे उत्तर छापले, आणि फुजी यांचे निबंध छापले जातच राहिले. कामगार आयुक्तांच्या कचेरीत ज्यांनी अर्ज दिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. इंग्लंडमध्ये जॉन कार्लाइल म्हणून एक भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर या औषधांवरील 737 प्रयोगांचा आढावा 2006 साली तयार केला होता. त्यात 1,03,237 माणसांची नोंद होती आणि फुजींचेही निबंध जमेस धरलेले होते. तेच कार्लाइल पुढे फुजींचे 168 प्रयोग घेऊन बसले. माणसांची वये, वजने, उंची ही चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर जशी थोडीफार मागेपुढे पडावयास हवीत, तशी या निबंधांत पडतच नव्हती. 2012 साली त्यांनी हे गणित प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फुजींना विद्यापीठाने काढले आणि जपानच्या भूलतज्ज्ञ संघाने चौकशी केली. 212 निबंध तपासले; 172 निबंधांत बनावट आकडे आढळले. पैकी 126 तर अथपासून इतिपर्यंत रचलेले. निर्दोष ठरले ते तीन. बाकीच्यांविषयी काहीच ठरवता आले नाही. पत्र लिहिल्यापासून बारा वर्षे गेली होती.

मला सर्वांत अधिक बोचते ते हे की ग्रॅनिसेट्रॉन हे औषध वाईट नव्हे. ते चालते. माल खरा असून हजेरीपट खोटा, असा हा प्रकार. पण ते चालते हे कशावरून ठरवावयाचे? खऱ्या माणसांच्या खऱ्या ओकाऱ्या मोजूनच. 2020 साली नवा आढावा निघाला. त्यात 585 प्रयोग आणि 97,516 माणसे आहेत. ओकारी टाळण्यासाठी एकट्याने दिलेल्या औषधांपैकी अॅप्रेपिटंट, रामोसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ऑनडान्सेट्रॉन या पाचांविषयीचा पुरावा भक्कम ठरला, आणि निरनिराळ्या जातींची औषधे एकत्र दिली तर बहुधा अधिक गुण येतो असे दिसले. या आढाव्याच्या कर्त्यांत 2000 साली पत्र लिहिणारे क्रांके आहेत. वीस वर्षे तो गृहस्थ पाठ सोडीत नाही, हे वाचून मला फार बरे वाटले. आमच्यात अशा माणसाला खटल्या म्हणतात.

पैशाचे पाहू. आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, ते बनवण्याच्या कृतीवर होते. ही स्थिती 2005 पर्यंत टिकली. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत ऑनडान्सेट्रॉन एका कंपनीच्या मुठीत होते तेव्हाही भारतीय कारखान्यांना ते बनवता आले. आज ऑनडान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि दोघांची मिळून एकेक मात्रा चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. म्हणजे ती मिळत नाहीत ती महाग म्हणून नव्हे. भूलतज्ज्ञ एक आणि टेबले तीन, अशा रुग्णालयात विचारावयास वेळ नसतो हेही मी पाहिले आहे. त्या डॉक्टरांवर मी दगड मारणार नाही. परंतु ओकारीने माणूस मरत नाही, या समजुतीचा त्यात वाटा मोठा. बेशुद्धीच्या गुंगीत ओकारी श्वासनलिकेत गेली तर माणूस मरूही शकतो. टाके ताणतात, अंगातले पाणी जाते, एक दिवसाचा मुक्काम दोन दिवसांचा होतो. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईचा तो दिवस कोणी भरून देत नाही.

अक्कांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया शेवटी झाली; दुर्बिणीतून, दुसऱ्या रुग्णालयात. आदल्या संध्याकाळी मी बरोबर गेलो होतो. भूल देणाऱ्या बाई तरुण होत्या. अक्का बोलेनात, म्हणून मीच म्हणालो, "मॅडम, यांना मागच्या वेळी फार ओकारी झाली होती." त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि अक्कांकडे वळून विचारले, "मावशी, एस.टी. लागते का तुम्हाला?" अक्का म्हणाल्या, "पंढरपूरला जाताना दोन पिशव्या लागतात." मॅडमनी बोटे मोजली. चारांपैकी चार.

त्यांनी भूल शिरेतून दिली. सुरुवातीला डेक्सामेथासोन, शेवटी ऑनडान्सेट्रॉन. जखमांभोवती बधिर करणारे औषध भरले आणि पॅरासिटामॉल दिले, म्हणजे अफूच्या वर्गातले औषध थोडक्यात भागावे. रात्री दहाच्या सुमारास अक्कांना मळमळले. लेकीने भांडे पुढे केले, पण त्याची गरज पडली नाही. सकाळी मी गेलो तेव्हा त्या उशीला टेकून चहा पीत होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारीत होत्या, "तुला गाडी लागती का गं?"

आमच्या युनियनने ते चार प्रश्न मराठीत आणि तेलुगूत एका कार्डावर छापून घेतले आहेत. मागच्या बाजूस तीन ओळी मोकळ्या आहेत: पूर्वी कोणती भूल दिली, त्यानंतर काय झाले, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय. कार्ड शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावयाचे. दाराजवळच्या टेबलावर शंभर-दीडशे प्रती ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी जाताना घ्याव्यात. बाकीच्यांनी कृपा करून घेऊ नयेत, छपाईचा खर्च वर्गणीतून झाला आहे.